हौसाबाईचे दोन फॉर्म

हौसाबाईवर अन्याय झाला तो यंदाच्या मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. ठिकाण – वसईतल्या एका संस्थेच्या ऑफिसातलं लांब टेबल. हत्यार – लाल पेन. करणारी – मी, मनीषा, समाजकार्याच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, राहणार एव्हरशाईन सिटी.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि एक गोष्ट मला दर वेळी खटकते... भूत दिसलं हे सगळे सांगतात, पण त्या माणसाचं भूत होईपर्यंत त्याचं वाटोळं कुणी केलं, हे कुणीच विचारत नाही. माझ्या गोष्टीत भूत नाही. एक जिवंत बाई आहे, तिला नाव आहे, डाव्या अंगठ्यावर जुनी आडवी जखम आहे आणि ती आजही नालासोपारा पूर्वेला जिन्याखाली बसते.

आणि हो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजिबात नव्हता. आमच्या गटानं अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रकं काढली, त्यातली बरीच माझ्या हातची आहेत. एका बाईच्या अंगात यायचं, तिच्या दारापुढच्या रांगेत मी ती वाटली आहेत आणि शिव्या खाल्ल्या आहेत. त्यामुळे 'मुली, तू मनानं कमकुवत असशील' असं पत्र कुणी लिहायला घेतलं असेल तर पोस्टाचं तिकीट वाचवा.

आमची फिल्डवर्कची प्लेसमेंट बेघरांच्या अभ्यासात होती. स्टेशनच्या आजूबाजूला, गटारांच्या कडेला, देवळा-चर्चच्या भिंतींना टेकून जे लोक राहतात त्यांचा चार पानी फॉर्म भरायचा. हा अभ्यास नुसता कपाटात जाणार नव्हता. फॉर्मवरून यादी होणार, यादीतल्या माणसाला चिठ्ठी मिळणार, चिठ्ठी असेल त्याला पावसाळ्याआधी बांधल्या जाणाऱ्या निवारा शेडमध्ये जागा, आणि त्याच चिठ्ठीवर पुढे तात्पुरतं रेशनकार्ड. चिठ्ठी नसेल तर काही नाही.

यात एक नियम होता. पहिल्या भेटीत आम्ही माणसं हेरून ठेवायचो आणि दुसऱ्या भेटीचा दिवस-वेळ सांगायचो. दुसऱ्या भेटीला माणूस त्याच जागेवर सापडला तरच फॉर्म भरायचा. नाही सापडला तर तो 'तिथला रहिवासी नाही'. मला हा नियम फार शास्त्रीय वाटला होता. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. लाज वाटते आता.

माझ्याकडे नालासोपारा स्टेशनची पूर्व बाजू होती. पश्चिमेचा पट्टा, थेट गासपर्यंत, फिलूकडे. फिलू म्हणजे फिलोमिना, माझ्याच वर्गातली, गासचीच. तिच्या घरची शेती आहे, भाजी आणि केळी. ती कमी बोलते आणि सावकाश लिहिते. मी भरभर बोलते, भरभर लिहिते आणि तेव्हा मला वाटायचं की हा माझा गुण आहे.

हौसाबाई मला पहिल्यांदा भेटली ती त्याआधीच्या गुरुवारी. पुलाच्या जिन्याखाली एक पोतं, एक पत्र्याची पेटी आणि ती. वय साठीच्या आसपास. मूळ बीडकडची. धंदा पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचा. मिक्सरवाल्यांसाठी सांगते... मसाला वाटून वाटून दगडी पाटा गुळगुळीत होतो, मग वाटण घसरतं. छिन्नी-हातोड्यानं त्यावर बारीक बारीक टोचे मारून तो पुन्हा खरबरीत करायचा, याला टाकी लावणं म्हणतात. वसईच्या गावांत अजून पाटे आहेत, म्हणून हौसाबाईला अजून काम आहे.

मी म्हटलं, "मावशी, सोमवारी अकराला इथंच असायचं. नसलात तर नाव लागणार नाही."

"सोमवारी मला काम हाय."

"काम पुढे ढकला."

"काम कुठं ढकलतंय, पोरी? कामच मला ढकलतंय."

"ते मला माहीत नाही. नियम आहे."

तिनं पोतं जरा आत ओढलं. मग जिन्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. असंन मी हितं."

सोमवारी मी पोचले तेव्हा ती जागेवर होती. फॉर्मवर वेळ लिहावी लागते, मी लिहिली – ११.१०. तिथून बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत मी तिच्यासमोर बसून होते. पाणी प्यायलाही उठले नाही. हे नीट लक्षात ठेवा.

तीन गोष्टी मला तेव्हा दिसल्या आणि तिन्ही मी वाया घालवल्या.

एक, तिची हत्यारं तिथं नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "कामावर हायत." मी हसले. मला वाटलं कुणाकडे ठेवली असतील. पण तिची बोटं पांढऱ्या भुकटीनं भरली होती आणि बोलता बोलता ती मधेच मांडीकडे वाकून फुंकर मारायची, जसं काही समोर कच साठलीय. उजवा हात गुडघ्यावर सारखा वर-खाली... टक, टक, टक, थांबा, टक. मला वाटलं सवय.

दुसरी गोष्ट सांगताना मला स्वतःचा राग येतो. रकाना अकरावा, मुलंबाळं. मी विचारलं. ती गप्प बसली. मी पुन्हा विचारलं, ती जिन्याकडे बघायला लागली. आमच्यात असं झालं की काय करतात ठाऊक आहे? रेघ मारतात. उत्तर नाही म्हणजे मुलं नाहीत. मी आडवी रेघ मारली आणि बाराव्या रकान्याला लागले. दोन सेकंद लागली असतील.

तिसरी, बरोब्बर बारा वाजता ती थांबली. पदर डोक्यावर घेतला.

"घंटा झाली," म्हणाली.

"कसली घंटा?"

"जेवनाची येळ. भाकर वाढलीया... सुकट बी हाय."

नालासोपारा पूर्वेला दुपारी बारा वाजता काय ऐकू येतं ते तिथं राहणाऱ्यांना सांगायला नको. रिक्षांचे हॉर्न आणि स्टेशनवरची घोषणा. घंटा नाही. आणि तिच्यासमोर भाकरीचा तुकडाही नव्हता. मी शहाणीनं शेऱ्यात लिहिलं, 'उत्तरदात्रीचं लक्ष विचलित होतं. उपासमारीचा परिणाम असावा.' तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, मधोमध छिन्नीच्या जुन्या जखमेची तिरपी आडवी रेषा उमटली. ती म्हणाली, "पोट भरलं बघ." मी निघाले.

मंगळवारी दुपारी फॉर्मची तपासणी होती. आपण भरलेले फॉर्म दुसऱ्यानं तपासायचे अशी पद्धत. फिलूचा गठ्ठा माझ्यापुढे आला. चौथा की पाचवा फॉर्म उघडला आणि नाव वाचलं – हौसाबाई. धंदा टाकीचा. मूळ गाव तेच. ओळखीची खूण, डाव्या अंगठ्यावर जखम. ठिकाण – गास. सुरुवात ११.१५, शेवट १२.२०. तारीख सोमवारची.

मी तो फॉर्म तिच्यापुढे टाकला. "फिलू, हे काय आहे?"

"काय?"

"माझी बाई तुझ्याकडे कशी आली?"

"तुझी कुठली? काल आमच्या ओट्यावर होती ती. पाट्याला टाकी लावत होती. आईनं आठवड्यापूर्वीच माझ्यासमोर सांगून ठेवलेलं तिला, सोमवारी अकराला ये म्हणून. तीच माझी पहिली भेट."

"अकराला ती माझ्यासमोर होती."

"नसेल."

"फिलू, तू घरबसला फॉर्म भरलायस."

टेबलाभोवतीचे सगळे आमच्याकडे वळले. घरबसला फॉर्म म्हणजे फिल्डवर न जाता, घरी पंख्याखाली बसून मनाने भरलेला. आमच्या कामात याहून मोठी शिवी नाही. शिवाय तिचा पट्टा तिच्याच गावात संपत होता, म्हणजे आरोप किती फिट बसत होता बघा.

"शब्द मागे घे, मनी," ती म्हणाली.

मी लाल पेन घेतलं आणि तिच्या फॉर्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. वर लिहिलं – दुबार, रद्द. भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं.

तोवर आमच्या सुपरवायझर शिरोडकर मॅडम उठून आल्या. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले, वेळा बघितल्या, चष्मा काढून डोळे चोळले. मॅडम वाईट नाहीत. त्यांच्यावर यादीची घाई होती.

"शुक्रवारी यादी जातेय. तुमच्यापैकी जिचा फॉर्म खोटा असेल तिनं तसं लिहून द्या, दुसरीचा मी चालवते. फिल्डवर्कमध्ये ती नापास होईल, पण बाई यादीत राहील. दोघीही अडून बसलात तर दोन्ही रद्द."

"माझा खरा आहे," मी म्हटलं.

"माझाही," फिलू म्हणाली. आणि मग ती माझा फॉर्म उचलून बघत राहिली.  तिनं अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. "मनी... मुलांच्या रकान्यात तू रेघ मारलीयस."

"मग?"

"ती काल मला म्हणाली, 'दुसऱ्या पोरीनं माझ्या लेकीच्या जागी रेघ मारली. तू तरी लिव.' मी विचारलं कोण दुसरी पोरगी, तर नुसती हसली."

मी तिच्या फॉर्मवरचा रकाना अकरावा वाचला. लाल रेघेच्या खाली फिलूच्या सावकाश अक्षरात – 'एक मुलगी, कमळ. सहा वर्षांपूर्वी कामाला जाते म्हणून स्टेशनच्या जिन्यावरून गेली. अजून आलेली नाही.'

माझा फॉर्म सोमवारी दुपारपासून या तपासणीपर्यंत माझ्या पिशवीत होता. पिशवी माझ्या खांद्यावर. तोवर तो रकाना माझ्याशिवाय कुणीही, कुणीही बघितला नव्हता.

तरी मी हार मानली नाही. बुधवारी सकाळी गासला गेले... फिलूचं खोटं पकडायला, दुसरं काही नाही. ओट्यावर तिची आई होती.

"तू ती का, माझ्या पोरीला खोटारडी बोललीस ती?"

"हो, आंटी."

"बस. पानी पी. मग भांड."

पाणी प्यायले. पाटा समोरच होता. पांढरेशुभ्र ताजे टोचे, कोपऱ्यात छोटा मासा कोरलेला. आंटींनी सांगितलं की पहिलं वाटण कच लागते म्हणून टाकून दिलं, मग संध्याकाळी मसाला वाटला. मी विचारलं, हौसाबाई किती वाजता आली, मधे उठून कुठं गेली का?

"कुठं जाईल? माझ्यासमोर होती. अकराच्या जरा आधी आली. बाराची घंटा झाली चर्चची, आम्ही प्रार्थना केली, तिनं पण डोक्यावर पदर घेतला. मग मी तिला भाकर वाढली."

"भाकरीबरोबर काय होतं, आंटी?"

"काय असणार? सुकट."

सुकटीचं मी शेऱ्यातही लिहिलं नव्हतं. कुणालाच बोलले नव्हते. मी ओट्यावर बसून राहिले आणि मला खरं सांगायचं तर भीती वाटली नाही... अंगात वीज खेळत होती. फिलू घरातून बाहेर आली तशी मी तिला म्हटलं, तुझी माफी मागते, नंतर नीट मागेन, पण आधी हे तपासू या. पत्रकात आम्हीच लिहायचो ना, ऐकू नका, तपासा. मग तपासू.

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या लॅबमधून भिंग आणलं आणि ऑफिसात दोन्ही फॉर्मवरचे ठसे शेजारी ठेवले. जखमेची रेषा त्याच तिरकेपणानं, त्याच जागी तुटलेली, खाली तसाच अर्धा चक्राकार भाग. जुळी बहीण असेल म्हणणाऱ्यांनी सांगावं – जखम पण जुळी असते का?

आंटींनी हौसाबाईला गुरुवारी सकाळी शेजारच्या तीन पाट्यांसाठी पुन्हा बोलावलं होतं. तेव्हा गुरुवारी फिलूनं घरी थांबायचं, मी नालासोपाऱ्याला. जिन्याजवळच्या पानटपरीवर लाल डब्याचा फोन आहे. तिथून मी फिलूच्या घरी फोन लावायचा. फोन त्यांच्या ओट्यालगतच्या खोलीत, खिडकीतून ओटा दिसतो.

गुरुवारी अकरा वाजायच्या आत मी जिन्यापाशी. हौसाबाई जागेवर. हात पांढरे, उजवा हात गुडघ्यावर, टक टक टक. मी टपरीशी गेले. ती माझ्यापासून सहा पावलांवर, पूर्ण नजरेत. नाणं टाकलं.

"फिलू, ती इथं आहे. माझ्यासमोर बसलीय."

पलीकडे तिनं खिडकी उघडल्याचा आवाज. मग, "मनी, ती इथं आहे. दुसरा पाटा चाललाय. थांब, खिडकीत धरते. ऐक."

आणि मी ऐकलं. टक. टक. टक. थांबा. टक. दगडावर छिन्नी. आणि माझ्या डोळ्यांसमोर हौसाबाईचा रिकामा हात गुडघ्यावर... वर गेला, खाली आला, टक. वर, खाली, टक. एकही ठोका इकडे-तिकडे नाही. तिनं हात थांबवून घाम पुसला, फोनमधला आवाज थांबला. पुन्हा सुरू केला, पुन्हा सुरू. मी पानवाल्याला म्हटलं, "भैया, वो सामने बैठी है ना?" तो म्हणाला, "रोज बैठती है, क्यों, क्या हुआ?" मला एवढंच हवं होतं, माझे डोळे ठीक होते.

मग मला एकदम सुचलं. टपरीला लागून पेरूवाली बसते. मी रिसीव्हर पानवाल्याच्या हातात दिला, एक पेरू उचलला, हौसाबाईच्या हातात ठेवला. "खा, मावशी." आणि पळत परत. फिलूला काही बोलले नाही. फक्त एवढंच म्हटलं, "जाऊन तिला विचार, आत्ता मी तिला काय दिलं."

हौसाबाईनं पेरू चावला. तोंड वाकडं केलं.

फोनमध्ये पावलांचा आवाज, आंटींचं काहीतरी बोलणं, मग फिलू. तिचा आवाज मला ओळखू येईना. "मनी, ती हसतेय. तिच्या हातात हातोडा आहे आणि ती चावतेय, तोंडात काही नाही... म्हणते, 'तुझी मैत्रीण येडी हाय. पेरू कच्चा दिला.'"

मी रिसीव्हर आकड्यावर ठेवायलासुद्धा विसरले. टपरीवाल्यानं ठेवला. मी हसत होते, का ते मला आजही सांगता येत नाही. सगळं जग दार उघडून उभं आहे आणि आत कुणी तरी सुकट-भाकर खातंय, असं काहीतरी वाटलं. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले. फरशीवर, फॉर्म न काढता, पहिल्यांदाच.

"मावशी, तुम्ही कुठं आहात?"

"बोलावलं तिथं."

"पण दोन्हीकडे कशा?"

तिनं पेरू पोत्यावर ठेवला. "जागा सोडली की दुसरं कुनी बसतंय. मग कमळ आली तर मला कुठं हुडकंल? ती ह्याच जिन्यानं गेली. आन कामाला न्हाई गेलं तर खानार काय? तुझ्या मैत्रिणीच्या आईला जबान दिली व्हती, अकराला येते. तू बी म्हनालीस अकरा. मंग काय करायचं? ऱ्हावं लागतं दोनीकडं."

"पण कसं?"

"लई दमायला व्हतं," ती म्हणाली. बास. एवढंच उत्तर आहे माझ्याकडे. मी चार प्रकारे विचारलं, ती प्रत्येक वेळी मला तिच्या दमण्याबद्दल सांगत राहिली.

मग मी तिला मॅडमची अट सांगितली. सांगितलं की मी ठरवलंय, माझाच फॉर्म खोटा म्हणून लिहून देते. वर्ष गेलं तर जाऊ दे. फिलूचा फॉर्म चालेल, त्यात कमळचं नाव पण आहे. मला वाटलं ती आशीर्वाद देईल. मी मनातल्या मनात थोडी मोठी पण झाले होते.

"म्हंजी तू काय लिवनार?"

"की सोमवारी तुम्ही इथं नव्हता."

"व्हते की."

"हो, पण..."

"आदी माझी लेक रेघ मारून न्हाई केलीस. आता मलाच न्हाई करतीस." ती ओरडली नाही. "आन उद्या कुनी इचारलं, ही बाई हितं बसती का, तर कागद काय म्हनंल? न्हाई म्हनंल. मंग मला हितनं उठवतील आन म्हनतील, तू तर हितली न्हाईसच."

माझ्या पिशवीत तो लिहिलेला कागद तयार होता. मी तो तिथंच फाडला.

शुक्रवारी सकाळी फिलू आणि मी दोघींनी मिळून एक अर्ज मॅडमपुढे ठेवला. 'दोन्ही फॉर्म खरे आहेत. बाई एक आहे. दोन्ही ठिकाणी ती जागेवर सापडली. तुमच्याच नियमात बसते.' खाली दोघींच्या सह्या. माझ्या फॉर्मवरची रेघ खोडून मी कमळचं नाव घातलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं – चूक माझी.

मॅडमनी दोनदा वाचलं.

"मनीषा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला असं समजू. मग पुढे काय? यादीत ठिकाण एकच लिहिता येतं. मी कुठलं लिहू?"

"दोन्ही."

"रकाना एक आहे गं."

"मग रकाना चुकलाय, मॅडम."

त्यांनी अर्जाची घडी घालून तो माझ्याकडे सरकवला.  मग म्हणाल्या, "मी हे वर पाठवू शकत नाही. मला हसतील, आणि बाकीच्या सगळ्या नावांवर शंका घेतील. ती माणसं पण आहेतच ना?" हे खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. यादी गेली. हौसाबाईशिवाय गेली.

जाता जाता मॅडमनी एक वाट सांगितली, त्याबद्दल त्यांचे आभार. रद्द झालेलं नाव पुन्हा घेता येतं. त्यासाठी तालुक्यातल्या दोन रहिवाशांनी लिहून द्यायचं की आम्ही या बाईला ओळखतो, अमुक ठिकाणी, अमुक वेळी बघितलं आहे. पाहणी करणाऱ्यांचे नातेवाईक चालत नाहीत, म्हणजे आंटी बाद. पुरवणी यादी मे महिन्याच्या शेवटी जाते.

दोन सह्या. मला वाटलं तासाभराचं काम. पानवाला म्हणाला, "रोज देखता हूँ, लेकिन साइन मत बोलो, मेरा ही ठेला कच्चा है." पेरूवालीचं तेच. जिन्यावरून रोज जाणारे एक काका, बँकेत आहेत, म्हणाले, "बसते खरी. पण माझं नाव कशाला कागदावर?" गासमध्ये आंटींच्या ज्या शेजारणींनी त्या गुरुवारी तीन पाटे करून घेतले... त्यांचे नवरे म्हणाले, स्टेशनवरच्या बाईची भानगड आपल्याला नको. एक म्हणाली, "सही करते, पण तुमचं ते दोन ठिकाणचं काही माझ्या तोंडी घालू नका." मी म्हटलं, फक्त तुम्ही बघितलं तेवढंच लिहा. दुसऱ्या दिवशी तिनंही नाही म्हटलं. एवढी माणसं तिला बघतात. बघितलं, असं म्हणायला एक तयार नाही. मला तर वाटतं, एका बाईनं दोन ठिकाणी असणं हा यातला दुसऱ्या नंबरचा चमत्कार आहे.

हेच सगळं मी एका वर्तमानपत्राला पत्र म्हणून पाठवलं होतं. पुरावा नाही म्हणून परत आलं. म्हणून या सदरात लिहिलं, इथं पुरावा मागत नाहीत. मी मागते.

काय झालं त्याचं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. आमच्या गटातल्यांनी सामूहिक भास म्हटलं. भासानं टाकी लागते का दगडाला? फिलूच्या घरी संत-महात्म्यांच्या अशा गोष्टी सांगतात, पण हौसाबाई संत नाही, ती पेरूवरून मला अजून चिडवते. फिलू म्हणते, कळलं नाही तरी चालेल. मला चालत नाही. मी अजून तपासतेय, वही केलीय, वेळा लिहितेय. काही दिवस ती एकाच ठिकाणी असते. काही दिवस दोन्ही ठिकाणी. ज्या दिवशी दोन्हीकडे असते त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठू शकत नाही, पोत्यावर पडून असते, आणि जिन्यावरून उतरणारी माणसं तिच्या पायांना वळसा घालून जातात.

तर वाचक हो, या अंकानंतर संपादकांकडे नेहमीसारखी पत्रं येतील. कुणी सांगेल हे अमक्या शक्तीमुळे, कुणी मंत्र पाठवेल, कुणी आपल्या आत्याचा अनुभव. कृपा करून यातलं काही पाठवू नका. तुम्ही वसई, नालासोपारा, विरारमध्ये राहत असाल, आणि गेल्या वर्षभरात ती तुम्हाला एकदा जरी दिसली असेल, जिन्याखाली, तुमच्या ओट्यावर, रस्त्यानं 'टाकी लावायची का' ओरडत जाताना, कुठंही... तर एक कोरा कागद घ्या. 'हौसाबाईला मी पाहिलं आहे.' ठिकाण लिहा. दिवस आठवत असेल तर दिवस लिहा. खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही करा, आणि संपादकांकडे द्या, ते माझ्यापर्यंत पोचवतील. ती दोन ठिकाणी कशी असते हे मला समजावू नका. ती आहे, एवढं लिहून द्या. मे संपायच्या आत.